शेपटीचे वजन

लहानपणी पतंगामागे धावताना मी अब्बांची पुष्कळ बोलणी खाल्ली. पुढे बी.एड. झालो, शाळेत विज्ञान शिकवू लागलो. पण आकाशाकडे बघण्याची सवय गेली नाही. दोन वर्षांपूर्वी ठरवले, रेडिओवर चालणारे मोठे मोटर-ग्लायडर स्वतःच्या हातांनी बनवायचे. मोटर, बॅटरी आणि रेडिओ तेवढे विकत आणायचे.

ग्लायडर लांब पंखांवर तरंगते. मोटर-ग्लायडरच्या नाकात लहान मोटर असते. उंच गेल्यावर ती बंद केली की पंख्याची पाती मागे मिटतात आणि विमान घारीसारखे तरंगू लागते.

माझ्या ग्लायडरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३ मीटर होते. एवढे लांब टेबल घरात कोठले? जुनी दोन दारे पेट्यांवर आडवी टाकली. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडातून ४२ फासळ्या कापल्या. रात्री जेवणानंतर बसलो, तरी दोन-तीनच होत. त्यांवर पातळ प्लॅस्टिक चिकटवून इस्त्री फिरवली, की ते आकसून ढोलकीसारखे ताठ होई. त्या महिन्यात अम्मीची इस्त्री कपड्यांना क्वचितच मिळाली. शेपूट मोडू नये म्हणून तेथे मी जाड लाकूड आणि भरपूर गोंद वापरला.

एका रविवारी सकाळी मुलांना माळावर बोलावले. तोल तपासायचा राहिला होता. पण मुले जमलेली, आता कोठे मोजत बसायचे? धाकट्या भावाने धावत जाऊन ग्लायडर सोडले. त्याचे नाक वर गेले, आणखी वर गेले. वेग संपला. क्षणभर ते हवेत थांबले आणि डाव्या पंखावर कोसळले.

कोणी हसले नाही. नववीतल्या एका मुलाने हळूच विचारले, "सर, याचा गुरुत्वमध्य कोठे आहे?"

तो धडा मी आदल्याच आठवड्यात शिकवला होता. जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल शरीर पुढे-मागे हलवून ग्लायडरचा तोल सांभाळत आणि १८९६ साली त्यांचे ग्लायडर असेच हवेत थांबून कोसळले, त्यातच त्यांचा जीव गेला, हेही सांगितले होते. मी मान खाली घातली.

अब्बांचे आयुष्य यंत्रमागावर गेले. संध्याकाळी त्यांनी मोडके ग्लायडर पंखांखाली दोन बोटांवर तोलले आणि म्हणाले, "शेपूट जड आहे रे."

शेपूट तोलबिंदूपासून १०० सेंटिमीटर लांब, तर नाकातली बॅटरी ४० सेंटिमीटरवर. म्हणजे शेपटीतले जादा १०० ग्रॅम पेलायला नाकात २५० ग्रॅम हवेत! नाकात शिसे भरणे सोपे होते. मी शेपूटच तोडले आणि हलके करून पुन्हा बांधले. डाव्या पंखाच्या अकरा फासळ्या नव्याने कापल्या. त्यांतल्या चार त्या मुलाने कापल्या.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा माळावर गेलो. या वेळी अब्बाही आले. आधी सर्वांसमोर तोल तपासला. ग्लायडर सरळ वर चढले. मी मोटर बंद केली. आवाज थांबला. दूर दोन घारी घिरट्या घालत होत्या. मी विमान तिकडे वळवले. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा त्याला मिळाली आणि मोटरीशिवाय ते उंच जाऊ लागले.

अब्बांनी घड्याळ पाहिले. सोळा मिनिटे झाली होती.