एकोणीस किलो

दोस्तहो, मी सूतगिरणीतला बदली कामगार. रिंग फ्रेमवर डॉफिंग करतो. भरलेल्या बॉबिन उपसायच्या, रिकाम्या चढवायच्या. हात चालू असतात, डोकं मोकळं असतं, म्हणून कविता सुचतात. शाळा दहावीत सुटली. पुढं जे काही वाचलं ते पाटीपुऱ्यातल्या विहारातल्या कपाटातलं. तेव्हा या लेखात मोठा विचार शोधू नका. सायकलवर एका रात्रीच्या मुक्कामाला निघताना काय घ्यावं आणि काय घरी ठेवावं, एवढंच सांगायचं आहे. ते सांगताना एक गोष्ट कबूल करावी लागणार आहे, तीही करतो.

२०२३ च्या दसऱ्याला यवतमाळहून नागपूरला दीक्षाभूमीवर सायकलीनं जायचं ठरलं. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. कारण साधं होतं. वस्तीतून टेम्पो निघतो, त्यात जागा आधी बायांना, म्हाताऱ्यांना, लेकरांना. एसटीत पाय ठेवायला जागा नसते. वस्तीतल्या मोठ्यांनी आम्हा पोट्ट्यांना सांगितलं, तुमचं तुम्ही पाहा. आम्ही तिघं होतो. तिघांच्या सायकली बापाच्या. माझी ॲटलस. ज्या कारखान्याचं नाव तिच्यावर आहे त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला, बापाची सायकल मात्र चालू आहे. नुसती सायकलच वीस-बावीस किलोची.

सायकल आपल्या चळवळीला नवी नाही. १९८३ साली कांशीराम यांनी डीएस-फोरच्या कार्यकर्त्यांना घेऊन सायकलीवर सात राज्यं पालथी घातली. वर्षभरानं, १४ एप्रिल १९८४ ला, बहुजन समाज पक्ष निघाला. ही माणसं मोटारीची वाट पाहत बसली असती तर बसूनच राहिली असती. हे मी मित्रांना सांगितलं तेव्हा त्यांना जोर आला. मलाही आला. आणि त्या जोरात मी सामान भरायला बसलो.

काय भरलं ते ऐका. मायनं शिवलेली वाकळ, तीन किलोची. दोन पँटी, तीन शर्ट, टॉवेल. तांदूळ, डाळ, कांदे, तेलाची बाटली, पातेलं, तवा. ताडपत्री. हातोडी, कशाला ते आजही सांगता येत नाही. तीन जाड पुस्तकं, कारण कवी रिकाम्या हातानं जात नाही अशी माझी समजूत. बॅटरी, पॉवरबँक. आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन.

कॅन मायनं आणून ठेवला. म्हणाली, "रस्त्यानं कोनाले पानी मांगू नोको."

मी म्हटलं, "माय, हे दोन हजार तेवीस हाय."

"हाव ना. म्हनूनच डबकी नाई देल्ली, कॅन देल्ला."

आदल्या दिवशी गिरणीतल्या काट्यावर सगळं ठेवून पाहिलं. एकोणीस किलो. काट्यावरचा माणूस हसला, "घर सोडून चालला का बे?"

दुपारी निघालो. ओझं सगळं मागच्या कॅरिअरवर, ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेलं. चढ आला की पुढचं चाक हलकं होई आणि हँडल हातात राहीना. कळंबच्या अलीकडं मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला, थोड्या वेळानं दुसरा. रिम डगडग करायला लागली. कळंबात मिस्त्री शोधला, त्यानं चाक उतरवलं, स्पोक घातले, आउट काढला. दीड तास गेला. तोवर कॅन तिघांनी मिळून संपवला. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वर्धा नदीचा पूल ओलांडला तेव्हा दिवस मावळला होता. विचार होता वर्ध्याला पोचून विहारात झोपायचा. वर्धा अजून बरंच लांब. चौपदरी रस्त्यावरून ट्रक अंगाला घासून जात होते आणि माझं चाक पुन्हा हलायला लागलं होतं.

रस्त्याला लागून एक गाव दिसलं. पहिल्याच घराच्या अंगणात सोयाबीनचा ढीग, बाजूला खाट, खाटेवर एक म्हातारा. पाणी मागितलं. त्यानं तांब्या दिला. थंड पाणी, पितळी तांब्या. मग त्यानं बॅटरीचा उजेड आमच्या तोंडावरून फिरवला आणि विचारलं, "कोठचे बाप्पा तुम्ही? आडनाव काय म्हनलं?"

मी दुसरंच आडनाव सांगितलं. त्याला चालेल असं. कोणी शिकवलं नव्हतं, जिभेवर आपोआप आलं. आणि नागपूरला कशाला, तर म्हटलं मावशीकडे.

म्हाताऱ्यानं ओसरी झाडून दिली. घरातून पिठलं आलं. आम्ही झोपलो. म्हणजे ते दोघं झोपले. सकाळी त्याच्या बायकोनं कपबशीत चहा दिला. तो मी कसा प्यालो ते मला माहीत.

संध्याकाळी दीक्षाभूमीवर पोचलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दिली, ती ही जागा. स्तूपाकडं तोंड करून माणसं बावीस प्रतिज्ञा म्हणत होती. मीही म्हणत होतो. त्यांत एक प्रतिज्ञा खोटं न बोलण्याची आहे. तिथं आलो आणि माझा आवाज बसला. शेजारचे म्हणत पुढं गेले. मी पांढऱ्या शर्टात उभा.

परत येताना पुस्तकांच्या दुकानांवर एक पातळ पुस्तिका घेतली, बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा मराठी अनुवाद. तीन जाड पुस्तकं आधीच पोत्यात होती, ती उघडलीसुद्धा नव्हती, म्हणून जास्त घेता आलं नाही. सायकली वस्तीच्या टेम्पोवर बांधल्या आणि वाटेत मोबाइलच्या उजेडात ती वाचली.

तुम्ही वाचली असेल. नसेल तर वाचा. १९०१ सालची गोष्ट. लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, नव्या टोप्या, डब्यात भरपूर खाणं. मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं कोण म्हणून विचारलं आणि पोरांनी खरं सांगितलं. मास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, वर पोरांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार, असं ठरलं. रात्र झाली. डबा भरलेला, पण प्यायला पाणी नाही. टोलनाक्यावर पाणी मागताना पोरांनी मुसलमान असल्याचं सांगितलं. तरी पाणी मिळालं नाहीच. डबा जवळ असून उपाशी झोपली.

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. एक तर मायचा कॅन मला कळला. तो पाच किलोचा कॅन मायनं भरला नव्हता, कितीतरी पिढ्यांनी भरून दिला होता. आणि दुसरं, ती तर लेकरं होती, तहानलेली. मी पंचवीस वर्षांचा बाप्या, पाणी आधीच पिऊन झालं होतं. मला खोटं कशासाठी लागलं? ओसरीसाठी. ओसरी कशासाठी लागली? उशीर झाला म्हणून. उशीर कशानं झाला? एकोणीस किलोंनी. पण सगळं ओझ्यावर ढकलणं हेही खोटंच. जीभ माझीच होती.

घरी आल्यावर आजीजवळ बसलो. १९५६ ला ती दहाएक वर्षांची. तेव्हा आपलं यवतमाळ मध्य प्रदेशात होतं आणि नागपूर त्याची राजधानी. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावाहून ती बापासोबत बैलगाडीनं गेली होती. विचारलं, "आजी, तुमच्या जवळ सामान काय होतं?"

"कायचं सामान रे बापा? भाकरी होत्या, ठेचा होता. मायचं एक पांढरं लुगडं होतं, थेही उसनं."

"अन् येतानी?"

"येतानी काई नाई. घरी आल्यावर बुवानं घरचे देव टोपल्यात भरले. टोपलं माह्या डोक्यावर देल्लं. लय जड होतं. नदीत सोडलं अन् रिकामं टोपलं घेऊन पयत आली."

तिला हसू आलं. दात नाहीत, तरी लेकरासारखं हसली.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. या खेपेला दोघंच. सामान भरायला बसलो तेव्हा आधी सगळं जमिनीवर मांडलं आणि प्रत्येक वस्तूला विचारलं, तू नसलीस तर मी मरेन का? हातोडी लगेच गेली. तवा, पातेलं, तांदूळ गेले. एका रात्रीसाठी चूल मांडायची गरज नसते, दहा भाकरी, ठेचा आणि गूळशेंगदाणे पुरतात. पुस्तकं गेली, एक चाळीस पानी वही आणि पेन्सिलीचा तुकडा राहिला. वाकळ गेली. मायला वाईट वाटलं, पण त्या दिवसांत पहाटे दव पडतं तेवढंच, थंडी नसते. तिच्याऐवजी आजोबांचं जुनं धोतर. ते अंथरायला होतं, पांघरायला होतं, आंघोळीनंतर पुसायला होतं. एकाच कामाची वस्तू घ्यायची नाही, हा नियम केला. खाली टाकायला मेणकापड. एक जोडी कपडे, आणि दीक्षाभूमीसाठी पांढरा शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून.

जे टाकायचं नाही तेही सांगतो. पंक्चरचं सामान: सोल्यूशन, पॅच, पॉलिश पेपर, चाक उघडायचा पाना, दोन लिव्हर आणि एक जादा ट्यूब. बाभळीचा काटा जात पाहत नाही. दोघांत पंप एकच. चार स्पोक कॅरिअरच्या दांडीला चिकटपट्टीनं बांधलेले. बॅटरी, आणि मागून ट्रकला दिसेल असा लाल चकाकणारा कागद मडगार्डवर.

युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन, उसवून, पडशी शिवली. गोणीतून पाणी लवकर शिरत नाही. पडशी कॅरिअरवरून दोन्ही बाजूंना लोंबते, वजन खाली येतं आणि सारखं वाटलं जातं, म्हणून हँडल हातात राहतं. दोन्ही पिशव्या हातात धरून तोलून पाहा, एक जड असेल तर गाडी तिकडं ओढते. काट्यावर ठेवली. पाण्याच्या दोन बाटल्या धरून सहा किलो.

सकाळी निघालो. स्पोक तुटला नाही. कळंबात चहा घेतला. दिवस असताना नदी ओलांडली. वर्धा गाठता आलं असतं. पण मी मित्राला म्हटलं, त्या गावात थांबायचं आहे. हँडलला निळा झेंडा होता, तो काढला नाही.

म्हातारा तिथंच, खाटेवर. ओळखलं त्यानं. "अरे, मांगच्या वर्षीचे ना तुम्ही? मावशी बरी हाय का?"

मी सायकल लावली. म्हटलं, "आजोबा, मागच्या वर्षी मी आडनाव खोटं सांगितलं. मावशी नाही. आम्ही बौद्ध. दीक्षाभूमीवर जातो." आणि माझं खरं आडनाव सांगितलं.

तो बराच वेळ झेंड्याकडं पाहत राहिला. शिवी दिली असती तर मला उत्तर देता आलं असतं. त्यानं शिवी दिली नाही. आत आवाज दिला, पाणी आण. पाणी आलं. तांब्या नव्हता. प्लास्टिकचे दोन डिस्पोजल ग्लास होते.

"झोपाचं असन तं पुढं शाळा हाय," तो म्हणाला. वाईट बोलला नाही. आमच्याकडं पाहिलं मात्र नाही.

मी ग्लास खाली ठेवला. माझ्या बाटलीतलं पाणी प्यालो. मित्रानं पडशी सरळ केली. दोन मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. एकोणीस किलो असते तर मी त्या शाळेच्या पायरीवर झोपलो असतो आणि मनाला काहीतरी समजावलं असतं. सामान हलकं असलं की माणसाला उठून जाता येतं. देवळी मागं पडली, अंधार झाला, रात्री नऊच्या सुमारास वर्ध्याच्या एका विहारात धोतर अंथरलं. पाय ठणकत होते. झोप मात्र अशी लागली की पहाटे उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सेलू, केळझर, बुटीबोरी करत नागपूर. प्रतिज्ञा म्हटल्या. या खेपेला बावीसच्या बावीस.

येताना पडशीत जागा होती. महाराष्ट्र सरकार १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडाखंडानं छापत आहे. एक खंड घेतला, इंग्रजीतला आहे, डिक्शनरी घेऊन वाचतो आहे, रोज एक पान. वस्तीतल्या पोरांसाठी पातळ पुस्तकं घेतली. घरी काट्यावर ठेवली नाही, पण जातानापेक्षा जड होती हे पायांनी सांगितलं.

मायनं पडशी उतरवून घेतली आणि विचारलं, "पानी मांगलं का कोनाले?"

"मांगलं."

"देल्लं का?"

मी ग्लासाचं सांगितलं. ती काही बोलली नाही. बाटल्या धुवायला घेतल्या.

यंदा कोणाला यायचं असेल तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला पाटीपुऱ्यात या. सहा किलोच्या वर सामान असेल तर तिथंच उतरवून ठेवू. दोन बाटल्या पाणी मात्र प्रत्येकानं घ्यावं, ते ओझं अजून टाकता येत नाही. आणि आडनाव खरं सांगायचं.

जयभीम.