चेरी की करवंद?

पुण्यात ऑफिसच्या पार्टीत मी पहिल्यांदा ‘सेत्ते’ प्यायलो. टीम लीडने विचारलं, “चेरी लागतेय ना?” मी हो म्हणालो. खरं तर तोवर मी चेरी खाल्लीच नव्हती. वाशीमच्या बेकरीतल्या केकवरची लालभडक चेरी म्हणजे पाकात मुरवून रंगवलेलं करवंद, हे फार उशिरा कळलं.

‘सेत्ते’ ही अकलूजजवळच्या फ्रातेल्लीची वाइन. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा भावांनी मिळून काढलेली वायनरी. वाइन घडवणारे पिएरो मासी टस्कनीचे, आणि सांजोवेसे हे द्राक्षही तिकडचंच. त्याच्या जोडीला काबर्ने सोव्हिन्यो.

दुसऱ्यांदा एकट्याने, सावकाश प्यायलो. आधी आंबट, मग हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा. त्याला टॅनिन म्हणतात. शाळेतून येताना जांभळं खाल्ल्यावर जीभ अशीच व्हायची. चेरी शोधणं मी सोडून दिलं.

दिवाळीला एक बाटली कपड्यांत गुंडाळून घरी नेली. आमच्या घरात दारूचा एकच अर्थ आहे: काका. आधी त्यांचं वावर गेलं, मग ते गेले.

बॅग उघडताना बाबांनी बाटली पाहिलीच. “दारूच हाय ना हे?”

‘वाइन वेगळी असते’ हे वाक्य मी पाठ करून आलो होतो. काकांच्या फोटोसमोर ते तोंडातून निघेना. “हो,” म्हणालो.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बाटली हातात फिरवत बाबांनी विचारलं, “द्राक्षं कुठली?” सोलापूर जिल्ह्यातली. छाटणी कधी? वर्षातून दोनदा: एप्रिलच्या सुमारास आणि पावसाळा सरल्यावर. इटलीत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, इथे फेब्रुवारीच्या आसपास.

“तिकडच्या वेलाले आपलं ऊन सोसते?” सोयाबीनच्या शेतकऱ्याचा प्रश्न.

“सोसते म्हनते.”

मी स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली. बाबा प्यायले नाहीत. नुसता पेला नाकाशी धरला. “जांभयावानी वास येऊन रायला,” म्हणाले आणि पेला माझ्याकडे सरकवला. “पन लपवून आनू नको. तो लपवूनच पेत होता.”

त्या रात्री उरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवली. दुधाच्या पातेल्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी.