म्हातारा कोणाला म्हणता?

मुलचेऱ्यात शोधूनही एक म्हातारा सापडला नाही, असे मी म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. पण घडले ते असे. गेल्या जानेवारीत, रस्ता सुरक्षेच्या निमित्ताने, माझ्या पुतण्याने शाळेत एक व्याख्यान ठरविले. तो मास्तर; तेव्हा फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'वृद्ध वाहनचालकांसाठी'. चहा-चिवड्याचीही सोय केली. आले दोघे. त्यांतल्या एकाने जन्मात बैलजोडीखेरीज काही हाकले नव्हते. दुसरा मी, आणि मीदेखील व्यवस्था पाहायला म्हणूनच गेलो होतो!

सत्तरी ओलांडलेले आमचे शेजारी दारात मोटारसायकल पुसत होते. त्यांना हटकले, तर म्हणाले, "मी का म्हातारा आहो? बापाले पाठवलं असतं, पण तो आता राहिला नाही."

पुतण्या खट्टू झाला. मी त्याला जपानची हकीकत सांगितली. तिथे १९९७ साली वयस्क चालकांच्या मोटारीला लावायला केशरी-पिवळ्या पानाचे चिन्ह निघाले. लोक त्याला गळके पान म्हणू लागले. आपल्याच गाडीला शिशिर चिकटवून हिंडायला कोणाला आवडेल? शेवटी २०११ मध्ये ते बदलून चार पाकळ्यांचे रंगीत चिन्ह आणावे लागले.

शिवाय नुसता मानाचाच प्रश्न नाही. बँक, दवाखाना, धानाचा चुकारा, सारे आमच्याकडे दोन चाकांना बांधलेले. बस चुकली की दिवस बुडाला. अशा माणसाला 'आता गाडी सोडा' म्हणणे म्हणजे घरी बसा म्हणणेच.

त्यानंतर आठवड्यानेच आम्ही दोघे आष्टीहून परतत होतो. अंधार पडला होता. आलापल्लीच्या त्या रस्त्यावर हल्ली सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक सारखे धावतात. एकाचा झोत डोळ्यांवर आला आणि मला सगळे पांढरे दिसू लागले. तोच खांद्यावरची हिची बोटे घट्ट रुतली. मी ब्रेक दाबला. चार हातांवर पोत्यांनी भरलेली, दिवा नसलेली बैलगाडी उभी होती.

ही काही बोलली नाही. पण मला आठवले, कित्येक महिने ही बोटे अशीच रुतत होती, आणि मी ती थंडीच्या खाती घालीत होतो. गाडी मी चालवीत होतो. रस्ता ती पाहत होती!

परवान्याच्या अर्जात विचारलेले असते : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची पाटी वाचता येते काय? पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढतो, आणि दर वेळी मी डोळे मिटून 'होय' लिहीत आलो. डॉक्टरांचा दाखलाही जोडलेला. माझ्या डॉक्टरांनी डोळ्यांत पाहिले ते फक्त फी मागताना. दुसऱ्या दिवशी पुतण्याने शाळेची फीत आणून अंगणात २५ मीटर मोजले. भर दुपारी मी तीनाचा आठ वाचला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली. गाडी अजून चालवतो. पण दिवेलागणीनंतर नाही, हे हिचे फर्मान.

आता पुढच्या जानेवारीचा फळा लिहायचा आहे. पुतण्या विचारायला आला, "काका, यंदा कोणासाठी म्हणून लिहू?"

मी म्हटले, "आम्हांला बोलावूच नकोस. मागे बसणाऱ्यांना बोलाव. तुझ्या काकूपासून सुरुवात कर."

आतून आवाज आला, "येईन. पण चहा मी करणार नाही."