सबिर आणि सब्र

अरबीत कोरफडीला 'सबिर' म्हणतात. धीर, संयम या अर्थाचा आपल्या रोजच्या बोलण्यातला 'सब्र'ही त्याच तीन अक्षरांचा: साद, बे, रे. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जिभेला लागला की हे नातं लगेच पटतं. सब्रही सुरुवातीला कडूच लागतो.

इहरामच्या अवस्थेत डोळे दुखू लागले तर सबिरचा लेप लावावा, अशी हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. आज डोळ्यांसाठी डॉक्टरकडेच जावं. पण ही वनस्पती तेव्हाही लोकांच्या ओळखीची होती, हे त्यावरून कळतं.

गेल्या वर्षी अब्बांचा इंतिकाल झाला आणि अम्मी इद्दतीत बसली. ४ महिने १० दिवस. आम्ही तिघं भावंडं तीन गावांत. अम्मी एकटी कशी राहणार, घर बंद करायचं का, ती कोणाकडे जाणार, ही बोलणी पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. अम्मी एवढंच म्हणाली, "इद्दत होऊ दे, मग बघू."

मागच्या पडवीत अब्बांच्या हातची कोरफड होती. पिल्लांची इतकी दाटी झाली होती की कुंडीला तडा गेला होता. आम्ही आळीपाळीने राहायला जायचो, तेव्हा अम्मी आम्हाला तिथे बसवून कामाला लावायची.

कोरफड पानापासून लावू नये, पान बहुधा कुजतं. बुडाशी आलेलं पिल्लू ४-५ इंचांचं झालं, त्याला स्वतःची मुळं फुटली, की माती मोकळी करून स्वच्छ सुरीने वेगळं करावं. कापलेली जागा ओली असताना पुरली तर सडते, म्हणून पिल्लू २ दिवस सावलीत नुसतं ठेवावं. मग तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्यावी, तिच्यात निम्मी माती आणि निम्मी जाडी वाळू भरावी. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये. पुढेही माती बोटभर खोल कोरडी लागली तरच द्यावं. सकाळचं ऊन पुरे. एकदम कडक उन्हात पानं तांबूस पडतात. पावसाळ्यात कुंडी आत ओढून घ्यावी.

नवं पिल्लू काही दिवस मलूल दिसतं. पाणी घालायला हात पुढे गेला की अम्मी थांबवायची. "त्याच्या पानात पाणी आहे. त्याचं त्याला सावरू दे." आम्ही गप्प व्हायचो.

इद्दत संपल्यावर तिने सांगितलं, मी याच घरात राहणार. थोरल्या भावाला ते पटेना. रात्री-अपरात्री काही झालं तर, ही त्याची काळजी खोटी नव्हती. शेवटी शेजारच्या चाचींकडे एक किल्ली, रोज इशानंतर फोन आणि दर महिन्याला आमच्यापैकी कोणीतरी आठवडाभर तिथे, असं ठरलं. अल्हम्दुलिल्लाह, नीट चाललं आहे.

कुंडीतून १४ पिल्लं निघाली. ३ आम्ही आणली, बाकीची मोहल्ल्यात वाटली. देताना अम्मी बजावते: पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, त्याने जुलाब होतात, गरोदर बाईने आणि मुलांनी तो पोटात घेऊ नये.

लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, असं हदीसमध्ये आहे. ही पिल्लं ज्यांच्या ज्यांच्या उपयोगी पडतील, त्यांचा सवाब अल्लाह अब्बांपर्यंत पोहोचवो. आमीन.