रांजणाखालचा बेडूक

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापुराकडच्या जुन्या घरांत बेडूक कुणी पाळत नाही, तरी तो असतो. पाण्याच्या रांजणाखालची ओल, मोरीच्या तोंडाशी निखळलेला दगड, गोठ्याच्या कुडाची खालची फट, हे त्याचे पत्ते. म्हैस, बैल, मांजर, कोंबड्या यांची घरात मोजदाद होते. याची होत नाही, कारण त्याला काही घालावं लागत नाही आणि त्याच्याकडून काही मिळवायचंही नसतं. अभ्यासक त्याला भेक म्हणतात. खरबरीत कातडी, डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी, उडी आखूड. तोंडानं तो पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीनं ओढून घेतो. त्यामुळे वैशाखात पाझरणाऱ्या रांजणाशी त्यानं बसून राहणं हा आळस नव्हे, तेच त्याचं पिणं. मृगाचा पाऊस झाला की तो डबक्याकडे जातो, मादी लांबच लांब माळेसारखी अंडी घालते, आणि पाऊस स्थिरावला की ही मंडळी पुन्हा घराच्या आसऱ्याला येतात. रात्री अंगणातल्या दिव्याखाली जे पडेल ते खायचं, दिवसा गप्प बसायचं. या साध्या आयुष्यात एक नातं मात्र लक्ष देण्यासारखं आहे: भुंगेऱ्यांच्या अळ्यांशी असलेलं.

शहरात काचेच्या पेटीत बेडूक ठेवणाऱ्या हौशी लोकांमध्ये या अळ्यांना मोठा मान आहे. मीलवर्म आणि सुपरवर्म या नावांनी त्या विकल्या जातात. पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्याच्याच कुळातल्या या अळ्या गव्हाच्या कोंड्यात आणि गाजराच्या तुकड्यावर वाढतात, त्यांना ना वास ना आवाज. त्यांच्याबद्दलचा दावा दुहेरी असतो: बेडकाला खाऊ मिळतो, आणि उरलेल्या अळ्या पेटीतली विष्ठा, मेलेले किडे, गळालेली कातडी खाऊन सफाई करतात. खाणं आणि झाडलोट, दोन्ही एकाच खर्चात. माझं म्हणणं असं की हा दावा खोटा नाही, पण त्याची जागा चुकली आहे. पेटीत तो दोन्ही अंगांनी लंगडतो, आणि अर्धापूरच्या उकिरड्याजवळ, जिथे कुणी त्याचा विचारही केलेला नाही, तिथे बराचसा खरा ठरतो.

आधी खाऊचं पाहू. मीलवर्ममध्ये साधारण तेरा टक्के स्निग्धांश असतो, सुपरवर्ममध्ये अठराच्या आसपास. त्याहून अडचणीची गोष्ट हाडांची आहे. पोषणतज्ज्ञ मार्क फिंके यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या पृथक्करणात किलोभर मीलवर्ममागे कॅल्शियम 169 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 2,850 मिलिग्रॅम भरला, म्हणजे जवळजवळ सतरापट. बेडकाच्या शरीराला कॅल्शियम निदान फॉस्फरसच्या बरोबरीनं हवं. ते खाण्यातून आलं नाही की शरीर हाडांतून काढतं. जबडा मऊ पडतो, पाठीचा कणा वाकतो, मागचे पाय ओढत चालावं लागतं. यावर उत्तर तयार असतं: अळ्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरा, त्यांना आधी पालेभाजी खाऊ घाला. उपाय चांगला आहे आणि पेटीत बेडूक ठेवणाऱ्यानं तो करायलाच हवा. पण पूड फक्त कॅल्शियम भरून काढते, चरबी कमी करत नाही. आणि जिला रोज वरून पूड लावावी लागते ती अळी पूर्ण अन्न नाही, हे त्या पुडीनंच मान्य केलेलं असतं.

सफाईचं प्रकरण आणखी कच्चं आहे. भुंगेऱ्यांच्या अळ्या उत्तम सफाई करतात यात शंका नाही. निसर्ग-संग्रहालयांत सांगाडे स्वच्छ करायला डर्मेस्टिड भुंगेऱ्यांच्या वसाहती ठेवतात. पोल्ट्रीच्या शेडमध्ये तुसाखाली लहान काळ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या सांडलेलं खाद्य आणि मेलेली पिल्लं संपवतात. पण हे सगळे कोरड्या जागेचे कामगार. बेडकाची पेटी ओली ठेवावीच लागते, आणि त्या ओलीत या अळ्या बुडतात, सडतात, म्हणजे सफाईवालाच घाण होतो. ज्या तगतात त्या उपाशी राहिल्या तर आजारी, निपचित बेडकाच्या कातडीलाही दात लावू शकतात.

इथे एक जुनी भीती हमखास पुढे येते: गिळलेली अळी पोट कुरतडून बाहेर पडते. निरोगी बेडकाच्या जठरात हवा नसते, आम्ल असतं. मीलवर्म तिथे फार काळ काही करू शकत नाही. मेलेल्या बेडकाजवळ जिवंत अळी दिसली तर तिनं मारलं असं ठरवण्यापेक्षा, मेल्यावर ती खायला आली, हे जास्त संभवतं. मात्र सगळ्याच अळ्या गरीब असतात असंही नाही. इस्राएलमधल्या गिल विझेन आणि अविटाल गसिथ यांनी 2011 साली एपोमिस भुंगेऱ्याची हकीकत मांडली. त्याची अळी शृंगिका आणि जबडे हलवून बेडकाला भुलवते, तो झेपावला की चुकवते आणि त्यालाच चावून चिकटते, मग हळूहळू खाते. शेकडो लढतींत जवळजवळ प्रत्येक वेळी अळी जिंकली. एकदा तर गिळलेली अळी दोन तासांनी ओकली गेली आणि तिनं गिळणाऱ्यालाच संपवलं. तेव्हा रानातून दिसेल ती अळी उचलून पेटीत टाकणं हा शहाणपणा नाही.

घरगुती भेकाचं सर्वांत प्रसिद्ध चरित्र इंग्लंडमधलं आहे. डेव्हन परगण्यातल्या आर्स्कॉट कुटुंबाच्या पायऱ्यांखाली अठराव्या शतकात एक भेक राहत असे. निसर्गअभ्यासक थॉमस पेनंट यांनी त्याची माहिती ‘ब्रिटिश झूलॉजी’त दिली. संध्याकाळी मेणबत्ती लागली की तो बाहेर येई, त्याला उचलून टेबलावर ठेवत, आणि कोंड्यात ठेवलेल्या अळ्या खाऊ घालत. त्या भुंगेऱ्याच्या नव्हत्या, माशीच्या होत्या, पण रीत तीच. कुटुंबानं छत्तीस वर्षांची ग्वाही दिली आहे, आणि शेवट झाला तो पाळीव डोमकावळ्यानं डोळा फोडल्यामुळे, खाण्यामुळे नव्हे. अळ्यांचे कैवारी या भेकाचं उदाहरण देऊ शकतील. पण तो पेटीत नव्हता, पायरीखाली होता. टेबलावरच्या अळ्या हा त्याचा वरखाऊ होता. बाकीचं जेवण बहुधा बागेत, त्याच्या मर्जीनं.

अर्धापूरचा भेक याच जातीचं आयुष्य जगतो, टेबल तेवढं नाही. पैनगंगेच्या कालव्याच्या पाण्यावर केळी आणि हळद उभी राहते, केळीचे खुंट आणि शेण उकिरड्यावर येतं, आणि ते कुजवायला भुंगेऱ्यांच्या अळ्या लागतातच. इथे ओल त्यांना मारत नाही, कारण ढिगाला खोली आहे. हवी तेवढी खाली-वर सरकायची सोय आहे. अंगठ्याएवढी जाड अळी भेकाला गिळवत नाही आणि ढिगात शिरून तो खणतही नाही. त्याच्या वाट्याला येतात त्या लहान, बाहेर पडलेल्या अळ्या, बाहेर निघालेले भुंगेरे, आणि त्यांच्यासोबत मुंग्या, वाळवी, दिव्याखालचे पतंग. जे मिश्रण पेटीत पूड लावून करावं लागतं, ते इथे आपोआप जमतं.

यावरून कुणी म्हणेल, मग हळदीची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्यांवर भेकच सोडू. भारतानं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 साली बंद केली तेव्हा ‘बेडूक शेतातले किडे खातो’ हेही एक कारण सांगितलं जात होतं, आणि ते खरंच आहे. पण त्याला मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात 1935 साली उसाच्या भुंगेऱ्यांसाठी हवाईहून भेक आणले. अळ्या जमिनीखाली, भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, आणि भेक मध्ये जमिनीवर. ऊस वाचला नाही, भेक मात्र दूरवर पसरले. आपल्या हुमणीचे भुंगेरेही पहिल्या पावसानंतर संध्याकाळी मातीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जातात. भेकाला ते जमिनीवर असताना तेवढे सापडतात. हुमणीसाठी फांद्या हलवून भुंगेरे वेचणं, प्रकाशसापळा, मेटारायझियम बुरशी, हेच उपाय. दाणेदार विष वापरलेल्या रानातून भेक मेलेली अळी उचलेल, हा धोका वेगळा. फोरेट, म्हणजे थिमेट, 2020 अखेरीस बंद झालं ते त्याच्याही पथ्यावर पडलं. राहिली भेकाच्या विषाची तक्रार: ते ग्रंथी दाबल्याशिवाय येत नाही; कुत्र्यानं तोंडात धरला तर फेस येतो, माणसानं हात धुतले की पुरे.

उकिरडा उपसताना सगळ्या अळ्या हुमणी समजून ठेचायची पद्धत मात्र सोडायला हवी. अळी सपाट जमिनीवर ठेवून बघावी. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलभुंग्याच्या कुळातली, कुजकं खाणारी. ती ढिगात परत टाकावी. पायांवर रांगायला धडपडली तर ती हुमणी असू शकते. ती कोंबड्यांपुढे जाऊ द्यावी.