कुलकर्ण्यांचे वतन आणि विद्यापीठाचा सर्व्हर

आजच्या धाग्यात सनावळी कमी आणि माझी फजिती अधिक आहे. विषय आहे विद्यापीठातल्या सर्व्हरना नावे कशी द्यावीत हा. इतिहासाच्या विद्यार्थिनीचा याच्याशी काय संबंध, असे गेल्या वर्षापर्यंत मलाही वाटत होते.

आमच्या विभागात मोडी कागदांच्या प्रतिमा ज्या सर्व्हरवर ठेवल्या जात, त्याचे नाव होते 'दफ्तर'. नाव समर्पक होते आणि तेच त्याचे दुखणे ठरले. लघुप्रबंधासाठी टिपणे काढताना मी रुमाल क्रमांक लिहिण्याचा कंटाळा केला आणि 'दफ्तर'वरील फायलीचा मार्ग तेवढा उतरवून घेत गेले. पुढे नवे यंत्र आले. प्रतिमा तिकडे हलल्या, जुने यंत्र प्रवेशप्रक्रियेच्या कामाला जुंपले गेले, नाव मात्र जुन्याकडेच राहिले. माझ्या ११२ तळटिपा एका सकाळी अशा यंत्राकडे बोट दाखवू लागल्या, ज्यावर प्रवेश अर्जांखेरीज काहीच नव्हते.

या चुकीला मोठी परंपरा आहे. ऑगस्ट १९९० मध्ये डॉन लीबस यांनी संगणकाचे नाव कसे निवडावे यावर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. 'आरएफसी ११७८' या क्रमांकाने ते आजही वाचायला मिळते. त्यात 'शॉप' नावाच्या यंत्राची कथा आहे. कारखान्यातील यंत्रे चालवायची म्हणून हे नाव दिले. मग त्याच कामाला दुसरे यंत्र आले, त्याला काय म्हणायचे? पुढे आणखी पाच आली आणि मूळ 'शॉप' भलत्याच प्रकल्पात गेले. कामावरून ठेवलेले नाव फार काळ खरे राहत नाही, हा लीबस यांचा निष्कर्ष.

मराठी माणसाला हे कुणी सांगायला नको. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने रद्द झाले, आडनाव राहिले. माझ्या वर्गात दोघी कुलकर्णी आहेत आणि त्यांतली एकही गावचा हिशेब लिहीत नाही. चिटणीस, फडणीस यांचीही तीच गत. मात्र आपल्याकडे याचा उताराही होता. 'पेशवा' हे पद आणि 'बाजीराव' ही व्यक्ती, या दोन गोष्टी कागदपत्रांत वेगळ्या चालतात. पदावरची व्यक्ती बदलली तरी पदाच्या नावे अर्ज करता येतो.

नेमकी हीच युक्ती एमआयटीतल्या 'प्रोजेक्ट अथेना'त दिसते. १९८३ मध्ये डीईसी आणि आयबीएम यांच्या साहाय्याने सुरू झालेल्या या प्रकल्पात ग्रीक पुराणांतली नावे सेवांना दिली गेली. ओळख पटवणारी सेवा कर्बेरॉस, म्हणजे पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. नावे-पत्ते सांगणारी हेसिअड, देवांची वंशावळ रचणाऱ्या कवीच्या नावाची. निरोप पोहोचवणारा झेफिर, पश्चिमेचा वारा. ही नावे कामाचीच आहेत, पण ती पदाची नावे आहेत. खालचे यंत्र कितीदाही बदलावे. कर्बेरॉस आजही जगभर वापरात आहे; ज्या यंत्रांवर तो प्रथम चालला, ती केव्हाच भंगारात गेली असतील.

फजितीनंतर विभागात नावांसाठी बैठक झाली. मलाही बोलावले, बहुधा तक्रार मीच केली होती म्हणून. पहिली सूचना अर्थातच किल्ल्यांची. 'रायगड बंद पडला आहे' असा फलक कोण लावणार, या प्रश्नावर ती मागे पडली. संतांचेही तेच झाले. इतिहासकारांची नावे घ्यावीत तर राजवाड्यांपासून सुरुवात करून वाद कुठे थांबला असता, हे सांगवत नाही. शेवटी नद्या ठरल्या: भरपूर आहेत, आणि एखादी कोरडी पडली असे म्हटल्याने कुणाच्या भावना दुखावत नाहीत. त्यातही मुळा आणि मुठा एकत्र नकोत असा मी हट्ट धरला. देवनागरीत दोघींत एकाच अक्षराचा फरक, फोनवर सांगताना घोटाळा ठरलेला.

आता प्रतिमा 'कोयना'वर आहेत. 'दफ्तर' हे नाव पदासारखे वेगळे ठेवले आहे. ते सध्या 'कोयना'कडे नेते, उद्या दुसरीकडे नेईल. त्याच्या रोमन स्पेलिंगात 'एफ' घ्यावा की 'पी', यावर अर्धा तास गेला. दोन्ही घेतले.

माझ्या ११२ तळटिपांपैकी १०३ चे मूळ रुमाल पुन्हा शोधून काढले. उरलेल्या ९ कागदांचा पत्ता लागलेला नाही. त्यांवर उभा असलेला एक परिच्छेद मार्गदर्शक बाईंनी काढायला लावला. तो माझ्या मते प्रकरणातला सर्वांत चांगला परिच्छेद होता.