न झिजणारी थैली

संत लूक यांच्या शुभवर्तमानात थैलीचा उल्लेख एकाहून अधिक वेळा येतो आणि दर वेळी प्रभूचे सांगणे निराळे आहे. बहात्तर शिष्यांना पुढे पाठविताना त्याने पैशांची पिशवी, झोळी आणि वहाणा यांवाचून जाण्यास सांगितले. शेवटच्या भोजनानंतर मात्र ज्याच्याजवळ झोळी असेल त्याने ती बरोबर घ्यावी, असे तोच म्हणाला. मधल्या एका अध्यायात स्वर्गीय धनाविषयी बोलताना कधीही न झिजणाऱ्या थैल्या करून घ्या, असा त्याचा उपदेश आहे. सेमिनरीत असताना या तीन वचनांची संगती लावण्यात आम्ही बऱ्याच संध्याकाळी घालविल्या. पुढे मावळात वाड्यावस्त्यांवर फिरण्याचा योग आला तेव्हा एवढे उमगले की, झोळी घ्यावी किंवा नाही हे ज्या कामासाठी निघायचे त्यावरून ठरते. आमच्या खांद्याला जी झोळी असते तिच्यात कॅमेरा असतो. ही झोळी कशी निवडावी व कशी वापरावी, याविषयी तरुण मंडळी वरचेवर विचारतात, म्हणून हा लेखप्रपंच.

धर्मगुरूला कॅमेरा कशाला हवा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे व त्यात चित्रे काढण्याची सोय आहे, हेही खरे. परंतु फोन बदलला की त्यातील चित्रे बहुधा हरवतात, आणि कागदावर छापून घेण्याची सवय तर घराघरांतून नाहीशीच झाली आहे. घरातील वृद्ध माणूस देवाघरी जाते, प्रेत अंगणात असते, आणि नातू पलीकडच्या खोलीत आजीचा एखादा फोटो शोधत असतो. शेवटी हाती लागते ते आधार कार्ड. त्यावरील बोटाएवढे चित्र मोठे करून, चौकटीत बसवून, त्याला हार घातला जातो. ज्या माउलीने साठ वर्षे भातलावणी केली, सहा लेकरे वाढविली, दर रविवारी पायी मिस्सेला आली, तिचा चेहरा पुढच्या पिढीने त्या धूसर चित्रावरून ओळखावा, हे आम्हांला फार लागते. म्हणून पुनरुत्थान सणानंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी निघतो तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना दाराशी, उजेडात बसवितो, दोन चित्रे घेतो, आणि पुढच्या भेटीत छापील प्रत हाती देतो. गेल्यावर हीच प्रत भिंतीवर लागते. असे चित्र पुन्हा काढता येत नाही. ते घरी सुखरूप आणणे हे झोळीचे काम आहे.

चित्रे जपण्याचे मोल कळावे म्हणून आयर्लंडच्या फादर फ्रान्सिस ब्राउन या येशूसंघीय धर्मगुरूंची हकिगत सांगण्यासारखी आहे. त्यांचे काका बिशप होते. त्यांनी १९१२ मध्ये पुतण्याला टायटॅनिक जहाजाच्या पहिल्या सफरीतील आरंभीच्या टप्प्याचे तिकीट भेट दिले. साउदॅम्प्टनहून शेरबूर्गमार्गे क्वीन्सटाउनपर्यंत ब्राउन यांनी जहाजावरील माणसांची चित्रे घेतली. पुढचा प्रवास करण्याची संधी त्यांना मिळत होती, परंतु वरिष्ठांनी उतरून येण्याची आज्ञा केली आणि ते उतरले. आज्ञापालनाने त्यांचा जीव वाचला व ती चित्रे जगाला मिळाली. पुढे १९१५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि महायुद्धात त्यांनी सैनिकांचे धर्मगुरू म्हणून सेवा केली. १९६० मध्ये ते वारले, आणि त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांची ट्रंक एका संघबंधूच्या दृष्टीस पडली. आत सुमारे ४२,००० निगेटिव्ह व्यवस्थित नोंदींसह ठेवलेल्या होत्या. त्यांतील बऱ्याच नायट्रेट फिल्मवरच्या असल्याने नासू लागल्या होत्या. वेळीच प्रती झाल्या म्हणून त्या वाचल्या.

आमच्या मावळातील हवा आयर्लंडहूनही कठीण. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाऊस वरून पडतो तसा घाटातून वाऱ्याबरोबर आडवाही येतो, आणि जेव्हा पडत नाही तेव्हा ढगच घरात शिरतात. या मुलखातील शेतकऱ्याने पावसाशी झगडून दोन वस्तू सिद्ध केल्या: इरले आणि घोंगडी. इरले डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकते, पाणी पानांवरून ओघळून जमिनीवर पडते आणि हात लावणीसाठी मोकळे राहतात. झोळी निवडताना आम्ही हाच धडा गिरवितो. वरचे झाकण तोंडापुरते नसावे. ते पुढून पुरेसे खाली व दोन्ही कडांना वळून आलेले असावे. तोंडाशी नुसती चेन असलेली पिशवी कितीही महाग असो, चेनच्या दातांतून पाणी आत झिरपतेच.

आता कापडाविषयी. संत पौल हे तंबू शिवणारे होते. करिंथ येथे अक्विला व प्रिस्किला यांच्या घरी राहून त्यांनी हाच धंदा केला, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आले आहे. जाड कापड आणि शिवण यांची पारख प्रेषिताला आमच्याहून अधिक असणार. दाट विणीचे सुती कॅनव्हास भिजले की त्याचे धागे फुगतात व वीण आवळते, त्यामुळे पाणी सहजी आत येत नाही. त्यावर मेण चढविले तर ते अधिकच टिकते. नायलॉनचे कापड हलके व चिवट खरे. परंतु पाणी अडविण्यासाठी त्याच्या आतल्या बाजूस दिलेला प्लास्टिकचा लेप आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो आणि त्याची सालपटे निघतात. कापड धडधाकट आणि पिशवी मात्र निकामी, अशी ती अवस्था. सुती कॅनव्हासला दर मे महिन्यात मेण लावता येते. मधमाश्यांचे मेण व साधे मेण समप्रमाणात वितळवून, थिजल्यावर तो गोळा कापडावर व विशेषतः शिवणींवर घासावा आणि वरून कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. चर्चमधील मेणबत्त्यांची उरलेली टोके यासाठी चालतात का, असे एका मुलाने विचारले. आशीर्वादित मेणबत्त्या सोडून इतर चालतात, असे आम्ही सांगितले.

पिशवी फाटते ती बहुधा कापडात नव्हे. ती पट्ट्याच्या मुळाशी उसवते. दुकानात पिशवी हाती घेतली की प्रथम पट्टा पाहावा. सर्वांत उत्तम पिशवीत तो एकाच अखंड पट्टीचा असून पिशवीच्या बुडाखालून वळून दुसऱ्या बाजूने वर येतो. अशा वेळी भार पट्टी उचलते, कापडाला ओढ बसत नाही. पट्टा वरच्या दोन कोपऱ्यांना शिवलेला असेल, तर तेथे चौकोन आणि त्यात फुलीची शिवण आहे ना, हे पाहावे. कड्या पितळेच्या किंवा जाड पोलादाच्या असाव्यात. प्लास्टिकचे बकल एके दिवशी ऐन उतारावर तडकते. पट्टा दोन इंच रुंद असावा म्हणजे खांद्यात रुतत नाही.

टिकाऊ वस्तू याचा अर्थ कधीच न बिघडणारी वस्तू, असा आम्ही करीत नाही. बिघडल्यावर गावातच दुरुस्त होते ती टिकाऊ. बाजारात छत्रीखाली बसणारा चांभार आरीने मेणाचा दोरा ओवून जी शिवण घालतो, ती कारखान्याच्या शिवणीहून अधिक टिकते. कॅनव्हासची पिशवी त्याच्या आरीखाली जाऊ शकते. साच्यात दाबून केलेली फोमची पिशवी जाऊ शकत नाही. २५ ऑक्टोबरला आपण संत क्रिस्पिन यांचे स्मरण करतो. ते चांभारांचे आश्रयदाते संत. त्या दिवशी तरी या कारागिराला त्याच्या घामाचे दाम घासाघीस न करता द्यावेत.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या एका दैनिकातील छायाचित्रकार जिम डोम्के यांनी १९७० च्या दशकात स्वतःसाठी व सहकाऱ्यांसाठी मऊ कॅनव्हासची पिशवी तयार करविली. त्यापूर्वी छायाचित्रकार ताठ, पेटीसारख्या पिशव्या वागवीत. डोम्के यांची पिशवी अंगाला बिलगून राही आणि चालताना तिच्यात हात घालता येई. इंग्लंडमधील बिलिंगहॅम यांच्या पिशव्या तर मुळात मासे धरणाऱ्यांसाठी होत्या, छायाचित्रकारांनी त्या आपल्याशा केल्या. आपल्याकडे इतके दाम मोडण्याची गरज नाही. आत बसविण्याचे मऊ कप्पे आज वेगळे विकत मिळतात. ताडपत्रीचे काम करणाऱ्या शिंप्याकडून त्या मापाची पिशवी शिवून घ्यावी. कामाला तीच पुरते.

साधेपणाचे आणखी एक कारण आहे. एके काळी महाराष्ट्रातील कार्यकर्त्याची खूण म्हणजे खांद्यावरची शबनम. तिला पाहून कोणी दबत नसे. ज्या पिशवीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत झळकते, ती लोकलच्या गर्दीत चोराला बोलावते आणि गरिबाच्या ओसरीवर आपल्याला परके करते. आजीबाई पिशवीकडे पाहून पदर सारखा करू लागल्या की चित्र बिघडलेच म्हणून समजावे.

मंदिरात चित्रे काढणाऱ्या तरुणांना एक विनंती. झाकण बंद करण्यासाठी ज्या पिशवीला चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो असते, ती मिस्सेच्या वेळी आणू नका. विवाहविधीत वधू-वर वचने उच्चारीत असतात किंवा धर्मगुरू अर्पणवचने म्हणत असतात आणि त्या शांततेत कापड फाटल्यासारखा आवाज होतो. सारी मंडळी मागे वळून पाहतात. चामड्याची पट्टी व पितळेची खुंटी असेल तर आवाज होत नाही. घरी वेल्क्रोचीच पिशवी असेल तर त्यावर कापडाची पट्टी टाचून ती झाकता येते.

पिशवी मोठी घेऊ नये. मोठी घेतली की ती भरली जाते. मळवली स्थानकापासून लोहगडाची वाट धरली की हे ध्यानी येते. चार किलोंचा भार पायथ्याशी जाणवत नाही. गड सुमारे ३,४०० फूट उंच आहे, आणि वरच्या पायऱ्यांवर तोच भार एका खांद्याला खाली खेचू लागतो. पन्नाशीनंतर पाठीचा कणा त्याची नोंद ठेवतो. पट्टा मानेवरून तिरपा घ्यावा, दर अर्ध्या तासाने खांदा बदलावा, आणि एक कॅमेरा व फार तर दोन भिंगे एवढेच बरोबर न्यावे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगड जागतिक वारसास्थळांच्या यादीत आला. तेव्हापासून त्याची चित्रे काढण्याची हौस अधिकच वाढावी, हे साहजिक आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात पिशवीचा आणखी एक उपयोग होतो. सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या दालनात ३७ खांब आहेत आणि छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. परदेशी माणसांनी परक्या धर्माच्या वास्तूला खांब दिले आणि आपली नावे तेथे ठेवली, हे वाचून आमच्यासारख्या भाविकालाही काही शिकता येते. आत उजेड अगदी मंद असतो आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून तिपाई लावता येत नाही. अशा वेळी मऊ पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर कॅमेरा टेकविला तर हात कापत नाही.

घरी परतल्यावर पिशवीचे काम संपते. पिशवी वाहून नेण्यासाठी असते, साठविण्यासाठी नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भिजलेली पिशवी, तिचे मऊ कप्पे, चामडे हे सारे ओल धरून ठेवतात. आत बंद केलेल्या भिंगावर काही आठवड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. तिच्यातून निघणारे आम्ल काचेवरील लेप खाते आणि मग ते भिंग पूर्ववत होत नाही. कॅमेरा त्याच रात्री बाहेर काढावा, कोरड्या सुती कापडाने पुसावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. निळे खडे गुलाबी झाले किंवा नारंगी खडे हिरवे झाले, की ओल भरली असे समजून ते वाळवावेत. निळ्या खड्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. पिशवी मात्र उलटी करून, वाऱ्यावर, सावलीत वाळवावी.

आता आमच्यापुरता एक नियम. आजाऱ्याच्या घरी जाताना पुष्कळदा कॅमेराही बरोबर असतो. पवित्र तेलाची कुपी पिशवीच्या वेगळ्या, स्वच्छ कप्प्यात राहू शकते. ख्रिस्तप्रसाद मात्र आम्ही कधीही त्या पिशवीत ठेवत नाही. तो गळ्यातील लहान थैलीत, छातीशी असतो. धर्मसंहितेच्या ९३५ व्या कलमाने पवित्र साक्रामेंत जवळ बाळगून फिरण्यास मनाई आहे. मेंढपाळकीय निकड असेल तेव्हाच परवानगी आहे, तीही बिशपांचे नियम पाळून. त्या वेळी वाटेत चित्रे काढणे होत नाही. आधी आजारी, आधी प्रभू. परतीच्या वाटेवर कुटुंबाची इच्छा असली तर कॅमेरा.

आणि एक नियम सर्वांसाठी. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. डोंगरावर वर कोठे तरी पाऊस पडतो आणि खाली घोटाभर असलेले पाणी क्षणात कमरेला लागते. अशा प्रवाहात खांद्याला तिरपी अडकविलेली, पाणी पिऊन जड झालेली पिशवी माणसाला खाली ओढते. ओढा ओलांडण्याचा प्रसंग आलाच तर पट्टा मानेवरून काढून एकाच खांद्यावर घ्यावा, म्हणजे झटकन टाकून देता येतो. पाणी वाढत असेल तर ओलांडूच नये. कॅमेरा पुन्हा मिळेल, चित्रही गेले तर जाऊ द्यावे. ज्या आईबापांची मुले पावसाळ्यात लोणावळ्यास येतात, त्यांनी निघताना एवढे अवश्य बजावावे.

प्रभूने सांगितलेल्या न झिजणाऱ्या थैल्या बाजारात मिळत नाहीत. येथली प्रत्येक थैली झिजते, कोपरे विरतात, रंग उडतो. पण मावळातील पुष्कळ घरांच्या भिंतींवर आज आजी-आजोबांचे स्वच्छ, हसरे चेहरे आहेत, आणि ते पावसातून कोरडे घरी आले ते अशाच एखाद्या विटक्या पिशवीतून. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांनी या नाताळापूर्वी शेजारच्या एका वृद्धाचे चित्र काढावे, छापून त्याच्या हाती द्यावे, आणि मागे तारीख व नाव लिहिण्यास विसरू नये.